टॅलोसचा देव्हारा आणि विंडहेल्मची गल्ली

चवथीच्या दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली, खतखत्याची भांडी न्हाणीकडे गेली आणि आमच्या म्हार्दोळच्या घरातल्या गणपतीच्या खोलीत भांडण जुंपलं. एका बाजूला थोरला पुतण्या, बांबोळीला डॉक्टरकी शिकणारा. दुसऱ्या बाजूला धाकटा, यंदा बारावीला. वर माटोळी, म्हणजे रानातली फळं टांगलेली चौकट, खाली गणपती, कोपऱ्यात चार्जरला लावलेला लॅपटॉप, आणि वाद कशावर, तर टॅलोस नावाच्या देवाची पूजा करू द्यावी की नाही यावर. वहिनीने दारातून डोकावून विचारलं, "हो खंयचो देव?" आणि उत्तराची वाट न बघता ती निघून गेली. मी मात्र बसलो. हा वाद मी बरीच वर्षं ऐकत आलोय, स्वतः घातलाही आहे, आणि दर वेळी तो तितक्याच वाईट रीतीने घातला जातो.

ज्यांनी स्कायरिम हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टॅमरिएल नावाच्या कल्पित खंडात माणसांचं एक साम्राज्य आहे. ते उभं करणारा टायबर सेप्टिम मेल्यावर देव झाला अशी लोकांची श्रद्धा. देव म्हणून त्याचं नाव टॅलोस. आधी देव आठ होते, ते नऊ झाले. माणसांहून वेगळ्या अशा हाय एल्फ वंशातल्या थाल्मोर या सत्ताधारी गटाला हे सोसत नाही. माणूस देव होतोच कसा? मोठं युद्ध होतं, साम्राज्य थकतं, आणि चौथ्या युगाच्या १७५ व्या वर्षी व्हाइट-गोल्ड नावाच्या तहावर सही करतं. तहाच्या अटींत टॅलोसच्या पूजेवर बंदी असते. स्कायरिम हा उत्तरेकडचा बर्फाळ प्रांत. तिथले नॉर्ड लोक टॅलोसला आपल्यातलाच मानतात. त्यांचा एक सरदार, विंडहेल्म शहराचा धनी उल्फ्रिक स्टॉर्मक्लोक, प्रांताच्या राजाला ठार करतो, आणि २०१ व्या वर्षी गेम सुरू होतो तेव्हा यादवी पेटलेली असते. खेळणाऱ्याने बाजू निवडायची.

बेथेस्डा या कंपनीने हा गेम नोव्हेंबर २०११ मध्ये बाजारात आणला. तेव्हापासून जगभरचे खेळाडू दोन तट पाडून बसलेत आणि आमच्या खोलीतही तेच दोन तट होते. धाकट्याचं म्हणणं, स्टॉर्मक्लोक म्हणजे आपणच. "आमचोय देव असोच न्हंयपलतडीं व्हेलो मरे!" म्हणजे आमचाही देव असाच नदीपलीकडे न्यावा लागला. त्यांच्या देवावर बंदी आली, ते लढले, यात विचार करण्यासारखं काय आहे? थोरल्याचं म्हणणं, उल्फ्रिकच्या शहरात निर्वासित डार्क एल्फांना घाणेरड्या वस्तीत कोंडलंय आणि आर्गोनियन या सरड्यासारख्या खवल्यांच्या लोकांना तर वेशीच्या आत पाऊल टाकू देत नाहीत. असल्या वंशवाद्याचा कसला धर्मलढा? मग धाकट्याने साम्राज्याची पापं काढली, थोरल्याने उल्फ्रिकची. दोघांची रीत एकच. समोरच्याच्या अंगावरचा डाग दाखवला की आपलं धोतर आपोआप पांढरं.

माझं म्हणणं असं, की ही वजाबाकी मुळातच चुकीची आहे. नॉर्डांच्या श्रद्धेवर झालेला जुलूम पूर्ण खरा आहे. त्याच नॉर्डांनी विंडहेल्मात चालवलेला जुलूमही पूर्ण खरा आहे. पहिल्यातून दुसरा वजा होत नाही, दुसऱ्यातून पहिलाही होत नाही. आणि या गेमच्या लेखकांनी एवढं गुंतागुंतीचं जग रचून ठेवलेलं असताना आपण त्यातून नेमकं तेवढंच उचलतो जेवढ्याने आपली आधीची बाजू पक्की होते. यात दोष गेमचा नाही. ही सवय आपण बाहेरून, आपापल्या इतिहासातून घेऊन येतो.

"अरे, गेमच तो, एवढं काय मनावर घ्यायचं?" असं म्हणणाऱ्यांना मी फार वेळ देणार नाही. दशावतार बघून आलेला माणूस रात्रभर संकासुराची बाजू कशी बरोबर होती यावर बोलतो तेव्हा आपण त्याला 'नाटकच ते' म्हणून गप्प करत नाही.

धाकट्याचं म्हणणं आधी घेतो, कारण ते जास्त जवळचं आहे. गोव्यात वाढलेल्या माणसाला टॅलोसवरची बंदी परकी वाटूच शकत नाही. १५४० साली तिसवाडीतली देवळं पाडली गेली. १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मचौकशीचं न्यायालय, आलं आणि मधली काही वर्षं सोडता १८१२ पर्यंत राहिलं. १५६० च्याच दशकात सासष्टीचे देव निघाले. मंगेश कुशस्थळीहून, शांतादुर्गा केळोशीहून, आमची म्हाळसा वेर्ण्याहून, झुआरी नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे. अंत्रुजात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं, आदिलशाहीचं होतं. म्हणजे ख्रिस्ती राजाच्या मुलखातून पळालेले हिंदू देव मुसलमान सुलतानाच्या मुलखात येऊन टेकले. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश लिहितोय, कारण देवांच्या पळापळीची गोष्ट सांगताना आपण ते घाईत गिळतो. 'आपण' आणि 'ते' यांचे जे दोन स्वच्छ डबे धाकट्याला हवेत, त्यांत हे वाक्य मावत नाही.

तरीही धाकट्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मला मान्य आहे. ज्याच्या मानेवर पाय आहे त्याला 'आधी तू स्वतः निर्मळ हो, मग पाय काढ म्हण' असं सांगणं हा निव्वळ दांभिकपणा आहे. १५८३ साली कुंकळ्ळीच्या लोकांनी आपल्या गावात चर्चची जागा बघायला आलेल्या पाच जेझुइट पाद्र्यांना मारलं. पुढे गावकारांना बोलणीसाठी असोळणेच्या किल्ल्यात बोलावून घेतलं आणि तिथे कापून काढलं. आता त्या गावकारांना कोणी विचारावं का, की देवळासाठी लढायच्या आधी त्या देवळात कोणाकोणाला घेत होता ते सांगा? नाही विचारावं. विचारणारा माणूस मारणाऱ्याच्या सोयीचं बोलत असतो. गेमचा आरंभही हेच दाखवतो. साम्राज्याचे सैनिक कैद्यांना हेल्गेन गावात आणतात, खेळाडूचं नाव मारायच्या यादीत नसतं, आणि तरी 'यादी गेली खड्ड्यात' म्हणून त्याची मान ठोकळ्यावर ठेवली जाते. ज्या राज्यात अशी मान कापली जाते त्याच्याविरुद्ध हत्यार उचलायला चारित्र्याचा दाखला लागू नये.

पण इथून पुढे स्टॉर्मक्लोकांचा पक्ष घेणारे एक उडी मारतात, ती मला मान्य नाही. ते म्हणतात, आधी स्वातंत्र्य, मग घरातल्या सुधारणा. युद्ध चालू असताना ग्रे क्वार्टरची, म्हणजे डार्क एल्फांच्या त्या वस्तीची, गटारं काढत बसायचं का? मराठी वाचकाला हा सूर ओळखीचा वाटेल. आधी राजकीय की आधी सामाजिक, हा टिळक-आगरकरांचा वाद आपण शाळेपासून ऐकलाय. आगरकरांनी 'केसरी' सोडून 'सुधारक' काढला तो यावरूनच. १८९५ साली पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा सुधारकांच्या सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मांडव वापरू द्यायला कडाडून विरोध झाला आणि परिषदेला दुसरी जागा बघावी लागली. राजकीय स्वातंत्र्य आधी, या म्हणण्यात बळ होतंच. परका राज्यकर्ता डोक्यावर असताना कायदा करणंच हातात नसतं. पण या युक्तिवादाला एक अट आहे आणि ती विसरली जाते. 'सत्ता हातात नाही म्हणून करता येत नाही' हे जिथे खरंच सत्ता हातात नाही तिथेच लागू पडतं.

विंडहेल्मात सत्ता कोणाच्या हातात आहे? पूर्णपणे उल्फ्रिकच्या. थाल्मोरचा एक शिपाई त्या शहरात नाही, साम्राज्याचा नाही. तिथली वेस त्याची, पहारा त्याचा, कर त्याचा. डार्क एल्फ, म्हणजे डनमर, तिथे हौसेने आलेले नाहीत. त्यांच्या मॉरोविंड देशात ज्वालामुखी फुटला, मागोमाग दक्षिणेकडून स्वारी आली, आणि ते उत्तरेला पळाले. त्यांना जी वस्ती मिळाली तिचं नाव पूर्वी स्नो क्वार्टर होतं, ते आले आणि ग्रे क्वार्टर झालं. शहरात पहिल्यांदा पाऊल ठेवलं की वेशीच्या आतच दोन नॉर्ड एका डनमर बाईला अडवून 'तुम्ही आमच्या शत्रूचे हेर' म्हणून धमकावताना दिसतात. ब्रुनवुल्फ नावाचा एक म्हातारा नॉर्ड योद्धा आहे, तो खेळाडूला सांगतो की नॉर्डांच्या गावावर दरोडा पडला की उल्फ्रिक स्वतः सगळ्यात आधी शिंग फुंकतो, आणि डार्क एल्फांच्या माणसांवर किंवा खजीत या मांजरासारख्या लोकांच्या ताफ्यावर पडला की हात वर करतो. या गोष्टी करायला थाल्मोरने भाग पाडलेलं नाही. टॅलोसची पूजा चालू असती तरी हे असंच असतं.

आता मी आमच्या घराचीच गोष्ट सांगतो. मुलांना ती त्या दिवसापर्यंत माहीत नव्हती आणि मीही तोवर कधी सांगितली नव्हती.

माझी आजी म्हाळसेच्या पळण्याची गोष्ट फार सुंदर सांगायची. रात्र, होडी, देवीच्या मूर्तीवर टाकलेली घोंगडी, होडीत कोणी खोकलं तर सगळ्यांचा जीव जाईल अशी भीती. यातलं खरं किती, तिची भर किती, देव जाणे. सांगताना तिचे डोळे दर वेळी भरायचे आणि आमचेही. त्याच आजीच्या काळात चवथीच्या आदल्या दिवशी डोंगरातून एक म्हातारी माटोळीचं सामान घेऊन यायची. कांगलां, घागऱ्या, कवंडाळ, आंबाड्यांचे घोस. तिच्या रानातल्या फळांशिवाय आमची माटोळी पुरी होत नसे. गणपतीच्या डोक्यावर जे टांगायचं ते तिच्या हातचं. ती अंगणाच्या पायरीखाली बसायची. चहा तिला नारळाच्या करटीत मिळायचा. ती करटी न्हाणीच्या मागे, भिंतीतल्या एका खाचेत, वर्षभर ठेवलेली असायची. चहा पिऊन झाला की म्हातारी ती स्वतःच धुवायची आणि स्वतःच त्या खाचेत ठेवून द्यायची. आजीने वरून पाणी ओतायचं, हात लागणार नाही एवढ्या उंचीवरून.

ही करटी पोर्तुगीजांनी ठेवायला लावली होती का? इन्क्विझिटरने? अंगण आमचं, पायरी आमची, चहा आमचा. तिथे आमचं पूर्ण राज्य होतं आणि त्या राज्याचा हा कायदा होता. आजीची आसवंही खरी होती. करटीमुळे म्हाळसेच्या होडीतली भीती खोटी ठरत नाही, आणि त्या भीतीपोटी करटी माफही होत नाही.

याहून मोठ्या प्रमाणावर हेच १९२८ साली झालं. मसूरकर महाराजांनी गोव्यात येऊन ख्रिस्ती गावड्यांची, म्हणजे इथल्या मूळच्या आदिवासी समाजातल्या बाटलेल्यांची, शुद्धी घडवून आणली, हजारो माणसं हिंदू धर्मात परत आली. साडेतीनशे वर्षांपूर्वी जे जबरदस्तीने नेलं ते परत मिळवलं, असा जल्लोष झाला. मग परत आलेल्यांचं काय झालं? त्यांना 'नवहिंदू' हे नाव पडलं आणि त्यांचा निराळाच समाज होऊन बसला. पूर्वीचे हिंदू गावडेही त्यांच्याशी सोयरीक करायला सहज तयार नव्हते, मग वरच्यांची गोष्टच सोडा. देव परत मिळाला आणि पंगत मिळाली नाही. उल्फ्रिक जिंकला तर टॅलोसच्या देवळाची दारं उघडतील यात मला शंका नाही. दारातून आत कोण जाईल, एवढंच विचारायचं आहे.

विंडहेल्मचे नॉर्ड यावर जे उत्तर देतात तेही ऐकायला हवं, कारण ते आपल्याकडेही रोज दिलं जातं: हे डनमर स्वतःच हलत नाहीत, लढाईत मदत करत नाहीत, वर आम्हालाच रानटी म्हणतात. यात तथ्याचा अंश आहे. डनमर आढ्यतेखोर आहेतच, आणि त्यांचा स्वतःचा हिशोबही स्वच्छ नाही. मॉरोविंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी आर्गोनियन आणि खजीत लोकांना गुलाम म्हणून राबवलं. ज्वालामुखीनंतर जी स्वारी आली ती त्याच आर्गोनियनांची होती. आज दोघेही विंडहेल्मात आहेत, एक तटाच्या आत गल्लीत, दुसरा तटाच्या बाहेर धक्क्यावर. आणि नॉर्ड तरी कुठले? अटमोरा खंडातून आलेले. त्यांनी इथल्या मूळच्या स्नो एल्फांचा जवळजवळ निर्वंश केला. पण 'एल्फांनी आधी आमचं सार्थाल शहर जाळलं होतं' हे उत्तर तिथेही तयार आहेच. त्या जगात हात स्वच्छ असलेला एकही समाज नाही, आणि स्वच्छ हात दाखवल्याशिवाय तक्रार करायची नाही असा नियम केला तर तक्रार करायला कोणी उरणारच नाही. हा नियम नेहमी ज्याचा पाय वर आहे त्याच्या फायद्याचा पडतो.

'ते मिसळत नाहीत' या तक्रारीवर गेमच्या लेखकांनी एक सुरेख उत्तर ठेवलंय, आणि ते कोणी फारसं बघत नाही. विंडहेल्मच्या बाजारात निरान्ये नावाच्या बाईचं दुकान आहे. ती हाय एल्फ आहे. म्हणजे टॅलोसवर बंदी घालणाऱ्या थाल्मोरच्या वंशातली. तिला बाजारात जागा आहे, चांगल्या वस्तीत घर आहे. ज्या वंशाशी उघड वैर, त्याची बाई भर चौकात माल विकते; ज्या वंशाने नॉर्डांचा देव काढून घेतलेला नाही, त्याची माणसं ओल्या गल्लीत. मग वैर नक्की कशाशी आहे? श्रद्धेच्या अपमानाशी असतं तर क्रम उलटा लागला असता. वैर आहे ते गरिबीशी, हातात काही नसताना दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या माणसाशी.

गोव्यात 'भायलो', म्हणजे बाहेरचा, हा शब्द आपण कसा वापरतो ते आठवून बघा. आसगावात कोटींचा बंगला घेणारा दिल्लीवाला आणि ट्रॉलरवर जाळं ओढायला झारखंडहून आलेला पोरगा, शिव्या दोघांनाही पडतात, हे कबूल. पण बंगल्याचा व्यवहार करून देणारा गोंयकारच असतो, आणि त्या पोराला भाड्याची खोली नाकारणाराही तोच. गोंयकारपण जपायची काळजी मला खोटी वाटत नाही. जमीन जातेय, भाषा जातेय, हे डोळ्यांना दिसतंय. फक्त ती काळजी कोणाच्या पाठीवर फोडली जाते ते एकदा मोजून बघावं.

इथे थोरल्याने मध्येच एक मुद्दा काढला होता आणि तो हुशारीचा होता. म्हणाला, काका, तिथले वंश खरोखर वेगळे आहेत. गेम सुरू करतानाच वंश निवडावा लागतो. नॉर्ड घेतला तर थंडीच्या माऱ्यापासून निम्मं संरक्षण, डनमर घेतला तर आगीपासून निम्मं, आर्गोनियन घेतला तर पाण्याखाली श्वास. आपल्या जगात वंश-जात हे माणसाने रचलेलं सोंग आहे, तिथे ते शरीरातच आहे. मग तिथल्या भेदभावाची तुलना आपल्याशी कशी करायची? मला मान्य आहे की अशा खेळांची ही जुनी खोड आहे. 'जन्मावरून गुण' हा जो विचार आपण मोठ्या कष्टाने मोडत आणला, तो हे गेम आकडेमोडीत बसवून परत हातात देतात. पण प्रश्न असा की विंडहेल्ममधला अन्याय त्या आकड्यांतून निघतो का? धक्क्यावरच्या आर्गोनियनांना नॉर्डांपेक्षा कमी मजुरी मिळते. का, पाण्याखाली श्वास घेता येतो म्हणून? उलट बंदरावर तो गुण सोन्याच्या मोलाचा. मजुरी कमी आहे कारण ती कमी देता येते, आणि तटाच्या आत त्यांना थारा नाही म्हणून दुसरीकडे जाता येत नाही. खेळाडूला मालकाकडे जाऊन मजुरी वाढवून देण्याची गळ घालता येते, आणि नीट बोललं तर तो ऐकतोही. निसर्गाचा नियम असता तर दोन वाक्यांत बदलला नसता.

थोरल्याचं, म्हणजे साम्राज्यवाल्यांचं, म्हणणंही तितकंच तपासायला हवं. त्यांचा बळकट मुद्दा असा: तह केला नसता तर सगळंच बुडालं असतं. सही करून वेळ मिळवला, आणि बंदी तशी कागदावरच होती. रिव्हरवुड गावचा लोहार अल्वर हेच सांगतो: आमच्या लहानपणी कोणी बंदी मनावर घेतली नव्हती, घरोघर टॅलोसचा छोटा देव्हारा होता, उल्फ्रिकने बोंब मारली आणि मग बादशहाला हात उगारावा लागला. हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. घरात काय ते करा, चौकात नको. पण बंदी कागदावर राहिली म्हणजे ती निजलेली असते, मेलेली नसते. ज्या दिवशी शेजाऱ्याशी बांधावरून भांडण होईल त्या दिवशी ती उठते. इन्क्विझिशन फौजेवर चाललं नाही, चुगलीवर चाललं. १७३६ सालच्या हुकुमात बाटलेल्या लोकांनी अंगणात तुळस ठेवू नये, पुडवें, म्हणजे धोतर, नेसू नये असल्या बारीकसारीक मनाया होत्या. सरकारला तुळशीचं काय पडलं होतं? पण तुळस शेजाऱ्याला दिसते. 'घरात ठेवा' म्हणणाऱ्याने घर कोणाकोणाला दिसतं तेही सांगावं.

आणि 'दुसरा मार्गच नव्हता' हेही पूर्ण खरं नाही. त्याच तहात हॅमरफेल प्रांताचा दक्षिण भाग थाल्मोरला द्यायचा ठरला. तिथल्या रेडगार्ड लोकांनी तह धुडकावला, साम्राज्याने त्यांना वाऱ्यावर सोडलं, आणि ते एकटे पाच वर्षं लढून १८० साली थाल्मोरच्या फौजा बाहेर घालवून मोकळे झाले. म्हणजे मार्ग होता, महाग होता. साम्राज्याने तो घेतला नाही कारण किंमत त्यांच्या देवाऐवजी नॉर्डांच्या देवात भागवता येत होती. तहात नेहमी अशाच लोकांची वस्तू आधी दिली जाते जे सहीच्या खोलीत बसलेले नसतात.

मात्र उल्फ्रिकची सुरुवात कुठून झाली ते थोरल्याने अचूक धरलं होतं. युद्धाच्या धामधुमीत रीच भागातल्या मूळच्या लोकांनी मार्कार्थ शहर घेतलं आणि जवळजवळ दोन वर्षं आपलं राज्य चालवलं. उल्फ्रिकने टॅलोसच्या पूजेची मोकळीक मिळेल या वचनावर ते शहर मोडून परत दिलं. स्वतःच्या देवासाठी दुसऱ्याची भूमी. त्या लोकांचेही देव होते, पण त्यांच्या पूजेची गोष्ट कुठल्याच तहात नाही. गेममध्ये त्यांतले उरलेले चांदीच्या खाणीत कैदी म्हणून राबताना दिसतात, आणि खाणीचा मालक नॉर्ड असतो.

या सगळ्यात हसणारा तिसराच असतो. थाल्मोरच्या कागदांत उल्फ्रिकची नोंद सापडते, आणि त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं की या यादवीत कोणीच जिंकू नये, ती चालत राहावी. आपल्याकडे तिमय्या या हिंदू सरदाराने १५१० साली आदिलशाहीवरचा राग काढायला पोर्तुगीज अल्बुकर्कला गोवा घ्यायला मदत केली. तिमय्याचा राग खोटा नव्हता. पुढच्या तीसच वर्षांत तिसवाडीत देवळं पडत होती.

मग मी स्वतः कुठली बाजू घेतो? खेळताना मी दोन्ही घेऊन बघितल्या. साम्राज्य जिंकलं तर उल्फ्रिकच्या जागी ब्रुनवुल्फ येतो. माणूस भला. पण गल्ली तशीच ओली. ती सुधारायची मोहीम या गेममध्ये कुठेच नाही. ड्रॅगन मारायच्या डझनांनी आहेत. माझी गेमवर खरी तक्रार ही आहे, कोण बरोबर ते सांगितलं नाही ही नाही.

दुसरी तक्रार मी मुलांना प्रत्यक्षच दाखवली. धाकट्याला म्हटलं, नवा गेम उघड आणि आर्गोनियन हो. हिरवे खवले, शेपटी, सगळं. पंख्याखाली आम्ही तिघं स्क्रीनसमोर वाकून बसलो. तासाभराने तो बर्फातून चालत विंडहेल्मच्या लांब दगडी पुलावर आला. पहारेकऱ्यासमोर थांबला. पहारेकरी काही बोलला नाही. वेस उघडली. "पळय काका, कोणूच आडायना!"

"आतां धक्क्यार वच," मी म्हटलं.

तो खाली उतरला. धक्क्यावर त्याच्यासारखेच हिरवे खवल्यांचे मजूर होते. त्यांच्यातल्या एकाशी बोलला. त्याने सांगितलं, आम्हाला आत येऊ देत नाहीत. धाकट्याने पात्र वळवून मागे बघितलं. आत्ताच तो ज्या शहरातून चालत आला होता त्याचा तट वर दिसत होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला, "काका, ती करटी... आजीक कोणें केन्नाच कांय म्हणूंक ना?"

"ना," मी म्हटलं. "हांवेंय ना."

अंगणातून वहिनीची हाक आली. गणपती उठवायची वेळ झाली होती.